नखांवरचा हिरवा उजेड

सन १९९४. पुण्यातल्या प्रयोगशाळेत सुनेत्रा पेशींमधली चरबी कुठे जाते ते शोधत होती. तिनं घडवलेला चरबीचा रेणू निळ्या उजेडात हिरवा चमके. पण दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी रेणू न घातलेल्या पेशीही चमकल्या. पदवी टांगणीला लागली.

शेजारच्या टेबलावरच्या हेरंबनंच काहीतरी कालवलं असणार! त्याला तिच्याआधी शोधनिबंध छापायचा होता ना! तिनं थेट प्रयोगशाळेच्या प्रमुख इनामदारबाईंकडे तक्रार केली.

बाईंनी दोघांना समोर उभं केलं. हेरंब म्हणाला, "महाराणी, हात धरा या निळ्या दिव्याखाली."

तिच्या नखांच्या कडा हिरव्यागार उजळल्या.

हेरंबनं विचारलं, "खंडेनवमीला सूक्ष्मदर्शकाला हळदकुंकू कुणी वाहिलं? हळद चमकते, पेशींच्या चरबीत मुरतेही. हातमोजे काय शोभेला ठेवलेत?"

सुनेत्रानं तिथंच माफी मागितली.

"केलं माफ," तो म्हणाला, "पण इथं आता माझा जीव रमायचा नाही."

बाई निवृत्त होऊन वाईला गेल्या. सुनेत्रा पदवी मिळवून कॉलेजात शिकवू लागली. हेरंबनं संशोधन सोडून नाशकात औषधांचं दुकान काढलं. तिच्या दिवाळीच्या पत्रांना तो उत्तर देई. घरी ये, असं मात्र त्यानं कधी लिहिलं नाही.