मंजुरीची रांग

दातांच्या डॉक्टरीणबाईंचं पाचवं पत्र सकाळी दहा वाजून सात मिनिटांनी मंजुरीच्या रांगेत येऊन बसलं.

कोळ्यांची निरीक्षणं एकमेकांना ईमेलने कळवणाऱ्या दोनशे चौदा जणांची ती यादी. कॉलेजात प्राणिशास्त्र शिकवणाऱ्या बाईंनी ती अकरा वर्षांपूर्वी सुरू केली होती. यादीच्या मालकीण त्या, आणि नियमही त्यांचाच: नव्या माणसाची पहिली पाच पत्रं बाईंच्या नजरेखालून जातील, सहाव्यापासून तो मोकळा. पत्रात काही चुकलं असलं तर बाई ते गुपचूप लिहिणाऱ्यालाच कळवत. तो दुरुस्त करून पाठवी आणि मग पत्र सगळ्यांना जाई. अकरा वर्षांत यादीवर कुणाचं हसं झालं नव्हतं.

बाईंनी पत्र उघडलं.

"माझ्या दवाखान्याच्या मोरीत एक नवा कोळी राहायला आलाय. पाय इतके लांब, की बसला की गुडघे डोक्याच्या वर जातात. तीन दिवस झाले, जाळ्याचा एक धागा विणलेला नाही. सासुरवाडीला आल्यासारखा नुसता बसून असतो."

खाली फोटो होता. बाईंनी तो मोठा करून पाहिला. धड मसुराच्या दाण्याएवढं, एकसंध. कंबर कुठेच नाही. पाय आठ होते खरे, पण हा कोळी नव्हताच, कोळ्यांचा दूरचा नातलग होता. याच्या अंगात रेशीमच नसतं, विणणार कशाने?

"आपल्या पत्रात एक लहानशी" इथवर बाईंनी डॉक्टरीणबाईंना लिहिलं आणि त्या थांबल्या. डॉक्टरीणबाईंच्या चार पत्रांना मिळून एकशे सहा उत्तरं आली होती. बाईंनी स्वतः मागच्या महिन्यात बागेतल्या चाळीस जाळ्यांची मापं पाठवली होती, रोजच्या तापमानासकट. त्याला दोन उत्तरं आली. त्यातलं एक 'मी सोमवारपर्यंत रजेवर आहे' असं आपोआप येणारं.

बाईंनी लिहिलेलं पुसून टाकलं. पत्र जसंच्या तसं मंजूर केलं. दहा वाजून एकोणीस मिनिटं झाली होती.

मग त्यांनी दुरुस्तीचं पत्र लिहिलं, सगळ्यांसाठी. आठ ओळी. शेवटची ओळ अशी: 'नवख्यांकडून अशी चूक होणं स्वाभाविक आहे.' लगेच पाठवलं तर टपून बसल्यासारखं दिसलं असतं. वीस मिनिटं थांबायचं त्यांनी ठरवलं.

स्वयंपाकघरात मोबाइल समोर ठेवून मटार सोलत बसलेले यजमान खो खो हसले.

"काय झालं हो?"

"काही नाही गं. ही तुझी डॉक्टरीण! सासुरवाडीला आलाय म्हणे!"

बाईंचा हात कीबोर्डवरच राहिला. यजमान यादीचे दुसऱ्या क्रमांकाचे सभासद होते. यादी चालते का ते पाहायला बाईंनीच त्यांचा पत्ता घातला होता. महिन्याभरात त्यांनी 'पत्रं पाठवू नका' ही खूण करून टाकली. मालकिणीला सगळं दिसतं. बाईंनाही ते त्याच दिवशी दिसलं होतं. त्या बोलल्या नव्हत्या.

त्यांनी सभासदांचं पान उघडलं. यजमानांच्या पत्त्यापुढची खूण काढलेली होती. तारीख तीन आठवड्यांपूर्वीची. डॉक्टरीणबाईंच्या पहिल्या पत्राच्या दुसऱ्या दिवसाची. ते पत्र बाईंनीच जेवताना वाचून दाखवलं होतं, नावं ठेवायला.

"तुम्ही यादी वाचता, हे बोलला नाहीत कधी!"

"त्यात काय बोलायचं? तू तरी कुठे विचारलंस?"

शेंगा फुटण्याचा आवाज थांबला. थोड्या वेळाने पुन्हा सुरू झाला. तेवढ्यात रांगेत एक पत्र आलं. पाठवणारा नवा होता, म्हणजे अकरा वर्षांत पहिल्यांदाच लिहीत होता.

"डॉक्टरीणबाई, हा कोळी नव्हे. याला कंबर नसते आणि रेशीमही नसतं, तेव्हा जाळ्याची वाट पाहू नका. मला हे कुणीतरी एकदा न्हाणीघरात दाखवलं होतं. चुकलं म्हणून लिहायचं मात्र थांबवू नका. आम्ही वाट पाहतो."

कुणीतरी.

लग्नाला तेव्हा सहा महिने झाले होते. बॅटरी यजमानांच्या हातात होती, भिंग बाईंच्या. त्या दिवशी दोघंही कामावर उशिरा पोचले होते.

पत्राखाली नेहमीची दोन बटणं होती, मंजूर आणि नामंजूर. शेजारच्या खिडकीत बाईंच्या आठ ओळी तयार होत्या. वीस मिनिटं व्हायला एक मिनिट उरलं होतं.

"अगं, माझं पत्र गेलं का?" यजमानांनी आतून विचारलं.

"रांगेत आहे."

"फार मोठी आहे का रांग?"

रांगेत ते एकच पत्र होतं.

"हो," बाई म्हणाल्या. "वेळ लागेल."