आरशांचं दप्तर

मुलांच्या मासिकात गुरुजींची पहिली रहस्यकथा छापून आली. बोरी अरबच्या शाळेत सहावीच्या वर्गापुढे ती वाचायचा मान त्यांनी बसंतीला दिला. लमाणांच्या तांड्यावरून शाळेत येणारी ती एकटीच मुलगी. “तुझ्या दप्तरावरचे आरसे आहेत बरं माझ्या गोष्टीत,” असं त्यांनी कालच तिला कौतुकानं सांगितलं होतं. बसंती खणखणीत वाचत गेली. “काळोखात चोरणीच्या झोळीवरचे आरसे चमकले आणि मुलांनी लमाणीण पकडली.” पोरं हसली, तिच्या दप्तराकडे बोटं दाखवू लागली. गुरुजींना ते वाक्य आज प्रथमच ऐकू आलं. तिनं गोष्ट शेवटपर्यंत वाचली, एक अक्षर गाळलं नाही. मग पुस्तकं तरटपट्टीवर ठेवून तिनं दप्तर उलटं केलं. आरसे आत गेले. “बसंती...” “काही नाही, गुरुजी,” ती म्हणाली. “मायले म्या सांगतलं होतं. तिनं काल नवे आरसे शिवून देल्ले.”