अजगराला दिलेली कंपनी

फोन वाजला तशी ती ताटावरून उठली, बाल्कनीत गेली आणि तिने काचेचं दार ओढून घेतलं.

परत आली तेव्हा जेवण निवलं होतं.

"कोण होतं?" त्याने विचारलं.

"कामाचं होतं."

"कामाचं मला कळू नये?"

"कळेल की. जरा धीर धर."

स्क्रीनवरचं नाव त्याने मघाशीच वाचलं होतं. अजगर.

त्या माणसाला धंद्यातले सगळेच अजगर म्हणत. शहरातल्या निम्म्या फोन कंपन्या त्याने गिळल्या होत्या. उंचापुरा, बोलायला गोड, बायको जाऊन बरीच वर्षं झालेली.

त्याच्यापुढे या नवरा-बायकोची कंपनी लहानच. सुरुवात एका फोन बूथपासून. ती काउंटर सांभाळायची, तो खांबावर चढून तारा जोडायचा. मग गल्लीतला केबलवाला विकत घेतला, मग डबघाईला आलेली एक इंटरनेट कंपनी, मग तिच्याहून मोठी आणखी एक. समोरच्याला बोलण्यात गुंतवून टेबलापर्यंत आणायची ती, सही करायचा तो. कंपनी त्याच्या एकट्याच्या नावावर होती. तसा हट्ट तिचाच.

हल्ली मात्र तिचं लक्ष घरात नव्हतं. केस कापले होते, चष्म्याची फ्रेम बदलली होती. एकदा सिग्नलला गाडी थांबली असताना त्याला समोरच्या हॉटेलच्या काचेआड ती दिसली. शेजारी अजगर. तो काहीतरी सांगत होता आणि ती खळखळून हसत होती. आपल्यासोबत ती अशी कधी हसली होती, हे त्याला आठवेना. मागच्या गाड्या हॉर्न वाजवायला लागल्या तेव्हा तो भानावर आला.

"दुपारी कुठे होतीस?" घरी त्याने सहज विचारल्यासारखं केलं.

"ऑफिसात," ती चष्मा पुसत म्हणाली.

तेव्हापासून त्याच्या जिवाची नुसती काहिली होत होती. गच्चीगच्चीवरचे अजगराचे टॉवर त्याला खुपायला लागले. रस्त्यात कुणी फोनवर हसत बोलताना दिसलं तरी त्याचं डोकं फिरे. शेवटी त्याने मनाशी ठरवलं. हा माणूस धंद्याच्या वाटेने घरात शिरला, तर ती वाटच बंद करायची.

तो सरळ अजगराच्या केबिनमध्ये गेला.

"माझी कंपनी घ्या. पूर्ण. भाव तुम्ही ठरवा. अट एकच. माझी बायको यात कुठेही नसेल. तुम्ही तिला भेटायचं नाही, फोनही करायचा नाही. आणि सही होईपर्यंत तिला यातलं काही कळता कामा नये."

अजगराने हातातला कप खाली ठेवला. "त्यांना विचारलंत?"

"कंपनी माझ्या नावावर आहे."

"तरी एकदा विचारून या. मी थांबतो."

"माझ्या बायकोची काळजी तुम्ही करू नका."

अजगराने वकिलाला आत बोलावलं.

कागद तयार होईपर्यंत तो घरी मुद्दाम उशिरा यायचा. ती मात्र खुशीत होती. "रविवार मोकळा ठेव," ती म्हणाली. "आपण दोघंच बाहेर जाऊ. तुला काहीतरी सांगायचंय."

ती सोडून जाणार हे आता त्याने पक्कं धरलं. शनिवारी अजगराच्या केबिनमध्ये त्याने कवडीमोल भावाला सही केली आणि पेनाचं टोपण लावलं. कित्येक दिवसांनी त्याला हलकं वाटलं.

अजगराने कागद वकिलाकडे दिले. "आता बोलायला हरकत नाही. वर्षभर माझे ग्राहक तुमच्याकडे पळत होते. मी बुडायच्या बेतात होतो. ते फक्त तुमच्या मिसेसनी ओळखलं. काय घासाघीस केली हो बाईंनी, पार घाम फोडला मला."

"कसली घासाघीस?"

"त्या माझी कंपनी विकत घेत होत्या," अजगर म्हणाला. "उद्या तुमची सही झाली की व्यवहार पुरा होता."