बिनपावाचा बर्गर

बुधवारी आमच्याकडे बर्गर असतो. या बुधवारी मी पाव आणलाच नाही. टिक्की कुस्करली, कोबी वाफवला, काकडी-टोमॅटो बारीक चिरले, वर दही ओतलं आणि तिघांचे बाऊल टेबलावर आदळले. म्हटलं, "मी डाएटवर आहे. आता काही दिवस असंच हलकं मिळेल."

"डाएट हिचं आणि शिक्षा आपल्याला," सासूबाई लेकाकडे बघत म्हणाल्या. "आणि हे काय, कुणी आधीच चावून ठेवलंय की काय?"

"नको असेल तर राहू द्या."

"अन्न टाकायची पद्धत नाही आमच्याकडे. तुझ्या माहेरी असेल."

नवऱ्याने चमचा आपटला. "तुझ्या हट्टापायी आईचे हाल कशाला गं?" असं म्हणून तो बाहेरच्या खोलीत निघून गेला. मी मुद्दाम खडखडाट करत भांडी घासायला घेतली.

सासूबाईंनी चाटूनपुसून रिकामा केलेला बाऊल सिंकमध्ये ठेवला आणि लेकाला ऐकू जाणार नाही इतक्या हळू म्हणाल्या,

"कवळी सोमवारी दुरुस्त होऊन येतेय. तोवर तुझं डाएट चालू ठेव."