वाढलेली बांगडी

"द्वारकाबाई, आज बांगडी निघाली का हातातून?" पडद्यावरच्या बाईनं विचारलं. बाई कसली, यंत्रच ते. पण बोलायला गोड. दगडासारख्या होत चाललेल्या हातांचा व्यायाम ती रोज घ्यायची, आणि कातडी सैल करणारी सुई कोणाला द्यायची तेही तीच ठरवायची.

व्यायामासाठी तिनं रबरी कडं पाठवलं होतं. द्वारकाबाईंनी ते उकिरड्यावर भिरकावलं. सवाष्णीनं रबर घालायचं? त्या आपली हिरव्या काचेची बांगडीच काढत-घालत. आज ती बोटांच्या सांध्यांवर अडकली आणि तिचे दोन तुकडे झाले.

"वाढली," त्या म्हणाल्या. सवाष्णीची बांगडी फुटत नाही, वाढते. हे यंत्राला कोणी शिकवलंच नव्हतं.

"छान! हालचाल वाढली. मग तुमची सुई दुसऱ्या रुग्णाला देते. बरोबर ना?"

"अगं भवाने, बांगडी वाढली!"

"हो, वाढली. बरोबर ना?"

सून कळवळली. "आत्याबाई, फुटली म्हणा! ती पडद्यावरची माझा आवाज धरत नाही."

"मेले, तुझ्या जिभेला काही हाड? आत ह्यांचा जीव घशाशी आलाय, आणि मी तो शब्द काढू?"

आतून खोकल्याची उबळ ऐकू आली. द्वारकाबाईंनी ओठ गच्च मिटले.

"अभिनंदन," यंत्र म्हणालं. "सुई पाठवली दुसऱ्या रुग्णाला."

सून डोळे पुसत नवी बांगडी घेऊन आली. मोकळं मनगट बरं दिसत नव्हतं. तिनं साबण लावला, तेल लावलं, हात दाबून पाहिला. बांगडी बोटांपुढे सरकेना.