सहीची जागा

राजकन्येने ड्यूकचं पत्र आईला वाचून दाखवलं. त्याने राजकन्येलाच मागणी घातली होती.

राणीसाहेबांची दृष्टी गेल्यापासून त्यांची पत्रं तीच वाचायची आणि उत्तरंही तीच लिहायची. धाकट्या दोघी बहिणी राजवाड्यातून केव्हाच सासरी गेल्या. हिला आलेली चार स्थळं मात्र आईच्या सांगण्यावरून, स्वतःच्याच वळणदार अक्षरात, हिनेच नाकारली होती. आता तिला छत्तिसावं लागलं होतं.

“लिही,” राणीसाहेब शेकोटीकडे तोंड करून म्हणाल्या, “राजकन्येची तब्येत नाजूक आहे. क्षमस्व.”

तिने लिहिलं, आणि न अडखळता वाचून दाखवलं, “राजकन्येची तब्येत नाजूक आहे. क्षमस्व.” कागदावर मात्र होकार होता. मग तिने आईचा हात धरून सहीच्या जागेवर टेकवला.

राणीसाहेब थबकल्या. “नकार लिहिताना तुझा टाक दौतीला एकदाच लागतो. आज चारदा वाजला.”

तिने आईचा हात सोडला.

राणीसाहेबांनी चाचपडत, सावकाश सही केली. “लखोट्यावर मोहोर लाव,” त्या म्हणाल्या, “आणि जायच्या आधी मला पत्रं वाचून दाखवणारी कुणीतरी बघून दे.”