एकही तक्रार नाही

वैजूने नवा महागडा लॅपटॉप घेतल्यापासून तिचे निरोप फार गोड येऊ लागले होते. साठीत अक्षरं शिकलेल्या तिच्या आईला, हौसाबाईंना, ते खटकत होतं.

"वहिनी, या नव्या मॉडेलबद्दल जगात एकही तक्रार नाही," शेजारचे जयवंतराव म्हणाले. "माणसाने रागाने लिहिलं, तरी हा लॅपटॉप ते गोड करूनच पाठवतो."

"मग तक्रार दिसेल कशी, भाऊजी?"

हौसाबाईंनी लेकीला मुद्दाम लिहिलं, 'तुझ्या बाळंतपणाला मला यायला जमणार नाही.'

लगेच उत्तर आलं, 'काही हरकत नाही आई, मी अगदी मजेत आहे.'

एरवी वैजूने घर डोक्यावर घेतलं असतं. हौसाबाईंनी डिंकाच्या लाडवांचा डबा पिशवीत घातला.

"भाऊजी, मला एसटी स्टँडवर सोडा. लेक तिकडे रडत असणार."